आर्केड बोर्ड घरी चालवताना: आधी वीज, मग आवाज

जुना आर्केड बोर्ड, म्हणजे पार्लरमधल्या व्हिडिओ गेम मशीनच्या आतला सर्किट बोर्ड, हातात आला की पहिली घाई होते ती पडद्यावर चित्र बघायची. ती घाई समजण्यासारखी आहे, पण बोर्ड जळतात ते नेमके याच घाईत. कॅबिनेट, म्हणजे त्या मशीनची पेटी, नसताना टेबलावर बोर्ड चालवायचा जो जुगाड असतो, ज्याला जगभर ‘सुपरगन’ म्हणतात, त्यात जॉयस्टिक आणि बटणं जोडणं हा सगळ्यात सोपा भाग. अवघड असतात त्या दोनच गोष्टी. एक म्हणजे बोर्डाला योग्य व्होल्टेज पोहोचवणं, आणि दुसरी म्हणजे त्यातून आवाज सुरक्षितपणे बाहेर काढणं. हा लेख त्या दोन गोष्टींपुरता आहे. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर वापरता येतो, पण आर्केड बोर्डाला अजून हात लावलेला नाही, अशा माणसासाठी तो लिहिला आहे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्लीच्या पार्लरमध्ये जे गेम चालायचे, त्यातले बहुतेक याच प्रकारच्या बोर्डांवर होते. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, ज्याला आपण सगळे ‘मुस्तफा’ म्हणायचो, तोही त्यातलाच. पार्लर बंद पडली, कॅबिनेट भंगारात गेली, पण बोर्ड अजून अधूनमधून विकायला येतात. असा बोर्ड मिळाला तर तो नीट चालवावा असं मला मनापासून वाटतं, कारण एकदा जळलेल्या बोर्डातली कस्टम चिप पुन्हा कुठे मिळत नाही.

कनेक्टर ओळखा

१९८५ साली जपानमधल्या ‘जपान अम्यूझमेंट मशिनरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन’ या संघटनेने बोर्डाच्या जोडणीचं एक प्रमाण ठरवलं. संघटनेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘जामा’ म्हणतात. त्याआधी प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी होती, त्यामुळे ८५ च्या आधीचा बोर्ड असेल तर खालचे आकडे त्याला लागू नाहीत. त्या बोर्डाचा स्वतःचा पिनांचा तक्ता शोधावा लागेल. उलट १९९८ च्या सेगा नाओमीसारख्या नंतरच्या बोर्डांची जोडणी जेव्हीएस नावाच्या वेगळ्या पद्धतीची असते आणि त्यांना ३.३ व्होल्टही लागतात. तेही या लेखाच्या बाहेर.

जामाच्या कडेला एकूण ५६ पट्टे असतात, वरच्या म्हणजे चिपांच्या बाजूला २८ आणि खालच्या सोल्डरच्या बाजूला २८. दोन पट्ट्यांमधलं अंतर ३.९६ मिलिमीटर. वरच्या बाजूला १ ते २८ आकडे, खालच्या बाजूला इंग्रजी अक्षरं. अक्षरांत जी, आय, ओ आणि क्यू वगळलेली आहेत, आणि मोठा झेड संपला की लहान ए ते लहान एफ. मोजताना हे विसरलं तर पुढचं सगळं एकेक घर सरकतं.

वीज आणि आवाजासाठी लक्षात ठेवायच्या पिना एवढ्याच:

१, २, ए, बी: ग्राउंड
३, ४, सी, डी: +५ व्होल्ट
५, ई: -५ व्होल्ट
६, एफ: +१२ व्होल्ट
७, एच: की, म्हणजे इथे पिन नसते, खाच असते
१० आणि एल: स्पीकर प्लस आणि स्पीकर मायनस
२७, २८, लहान ई, लहान एफ: पुन्हा ग्राउंड

त्या सातव्या घरातल्या खाचेचं काम फार मोलाचं आहे. कनेक्टर उलटा बसू नये म्हणून ती असते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कनेक्टरांत तिथे प्लास्टिकची की बसवलेलीच नसते, आणि काही बोर्डांना खाचच कापलेली नसते. उलटा बसला तर काय होतं ते बघा: दोन्ही टोकांना ग्राउंडच असल्यामुळे ग्राउंड बरोबर जुळतं, आणि सहाव्या घरातले १२ व्होल्ट थेट २३ व्या घरात जातात. तिथे दोन्ही खेळाडूंचं दुसरं बटण असतं. म्हणजे ५ व्होल्टवर चालणाऱ्या इनपुट चिपमध्ये १२ व्होल्ट शिरतात, आणि चिप जागच्या जागी मरते. म्हणून की नसेल तर ती आधी बसवा. ती मिळेपर्यंत कनेक्टरवर आणि हार्नेसवर, म्हणजे त्याला जोडलेल्या वायरींच्या जुडग्यावर, पक्क्या मार्करने ‘चिपांची बाजू’ असं लिहून ठेवा.

पॉवर सप्लाय निवडा

माझं स्पष्ट मत सांगतो: पैसे वाचवायचे असतील तर जॉयस्टिकवर वाचवा, पॉवर सप्लायवर नको.

सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे आर्केडसाठीच बनवलेला एसएमपीएस (स्विच-मोड पॉवर सप्लाय). त्यातून +५, +१२ आणि -५ असे तिन्ही व्होल्टेज निघतात, आणि ५ व्होल्ट कमीजास्त करायला एक छोटा स्क्रू असतो. तो स्क्रू असणं हेच मुख्य कारण. बहुतेक जामा बोर्ड ५ व्होल्टवर २ ते ५ अँपिअरच्या आत घेतात, १२ व्होल्टवर त्याहून बरंच कमी, आणि -५ वर तर अगदीच थोडं. म्हणून ५ व्होल्टला १० ते १५ अँपिअर लिहिलेला सप्लाय निवांत पुरतो.

दुसरा पर्याय म्हणजे जुन्या पीसीचा एटीएक्स सप्लाय. घरात पडून असतो, लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. त्यात लाल म्हणजे +५, पिवळी +१२, काळी ग्राउंड आणि निळी -१२. तो चालू करायला हिरवी वायर काळीला जोडावी लागते. तिथे एक छोटा स्विच लावला की काम झालं. जांभळ्या वायरला हात लावू नका. तिथे स्टँडबायचे ५ व्होल्ट असतात, ते सप्लाय ‘बंद’ असतानाही चालू राहतात आणि बोर्ड चालवण्याइतका करंट देत नाहीत.

एटीएक्सच्या अडचणी तीन. एक, ५ व्होल्ट कमीजास्त करता येत नाहीत. दोन, पीसीमध्ये १२ व्होल्टवर भार असतो असं धरून तो बनवलेला असतो. आपण फक्त ५ वर भार टाकला की स्वस्तातल्या सप्लायमध्ये ५ खाली बसतात आणि १२ वर चढतात. १२ व्होल्टवर गाडीचा १० वॉटचा बल्ब कायमचा जोडून ठेवला की दोन्ही व्होल्टेज बऱ्यापैकी जागेवर येतात. तीन, लहानशा शॉर्टमध्येही तो वीस अँपिअर ओतायला तयार असतो. म्हणून लाल वायरींच्या मार्गात गाडीत असतो तसला ७.५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज घालाच.

-५ व्होल्टचं काय? जुन्या एटीएक्समध्ये पांढऱ्या वायरीवर ते मिळायचे, पण २००३ च्या सुमाराला ते प्रमाणातूनच काढून टाकले. बऱ्याच बोर्डांना -५ लागत नाहीत. ज्यांना लागतात, त्यांत ते साधारणपणे आवाजाच्या भागासाठी असतात, म्हणून गेम चालतो पण आवाज येत नाही किंवा फाटका येतो. निळ्या वायरीच्या -१२ मधून ७९०५ हा रेग्युलेटर लावून -५ बनवता येतात. इथे सावध राहा: ७९०५ च्या पायांचा क्रम ७८०५ सारखा नाही. ७९०५ चा लिहिलेला भाग आपल्याकडे करून धरला तर डावीकडचा पाय ग्राउंड, मधला इनपुट, उजवा आउटपुट. त्याची मागची धातूची पट्टी इनपुटला जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर -१२ व्होल्ट असतात. ती कशालाही टेकता कामा नये. दोन्ही बाजूंना लावायच्या कपॅसिटरचा प्लस ग्राउंडकडे येतो. उणे व्होल्टेजमध्ये तसंच असतं, पण सवयीने हात उलटा जातो.

२३० व्होल्टची बाजू

इथे थोडक्यात पण ठामपणे. तीन पिनांचा प्लग लावा आणि अर्थिंग खरोखर येतंय का ते तपासा. सप्लायवर ‘एफजी’ लिहिलेल्या स्क्रूला हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर जोडा. नवीन कॉर्डमध्ये तपकिरी म्हणजे फेज आणि निळी म्हणजे न्यूट्रल; घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल आणि काळी. काळी वायर एटीएक्सच्या बाजूला ग्राउंड आणि भिंतीच्या बाजूला न्यूट्रल, हा घोळ डोक्यात होऊ देऊ नका. सप्लायवर ११५/२३० असा सरकता स्विच असेल तर तो २३० वर आहे हे प्लग लावायच्या आधी बघा. भिंतीकडून येणारे स्क्रू उघडे ठेवू नका, त्यांच्यावर झाकण हवंच.

अर्थिंगचा आग्रह फक्त शॉकसाठी नाही. एसएमपीएसच्या आत फेज-न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला नसला की त्यांच्यामुळे बॉडी आणि त्यासोबत ग्राउंड साधारण अर्ध्या मेन्स व्होल्टेजवर तरंगतं. हात लागला तर झिणझिण्या येतात, त्या याच. करंट अगदी कमी असतो, पण टीव्हीच्या किंवा अँप्लिफायरच्या ऑडिओ सॉकेटमध्ये वायर घालताना जी ठिणगी पडते, ती पलीकडच्या इनपुटचा जीव घ्यायला पुरेशी असते.

हार्नेसच्या वायरी

तयार जामा हार्नेस स्वस्त मिळतात, आणि बटणांसाठी ते ठीक आहेत. पण त्यातल्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या वायरी बहुतेक वेळा फार बारीक असतात. नवख्या लोकांच्या निम्म्या तक्रारी, म्हणजे गेम मध्येच रीसेट होणं, पात्रांवर ठिपके येणं, आवाज घरघरणं, इथून सुरू होतात असं माझं निरीक्षण आहे.

हिशोब करून बघू. दुकानात ‘२३/७६’ म्हणून मिळणारी वायर, म्हणजे ०.००७६ इंची २३ तारांची. तिच्या एक मीटरचा रोध साधारण ०.०२६ ओहम. बोर्ड ४ अँपिअर घेत असेल तर जाताना ०.१ व्होल्ट पडतात आणि ग्राउंडवरून परत येताना आणखी ०.१. म्हणजे सप्लायजवळ ५.०० दिसत असले तरी बोर्डाला ४.८० मिळतात. कनेक्टरचे पट्टे जुने आणि काळवंडलेले असले तर आणखी कमी. इमारतीची टाकी भरलेली असून शेवटच्या मजल्यावर धार बारीक येते, तसाच प्रकार. बोर्डावरच्या ७४ एलएस मालिकेच्या साध्या लॉजिक चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. त्याच्या खाली त्या बंद पडत नाहीत, त्या चुकीचं वागायला लागतात, आणि मग माणूस उगाच बोर्डात बिघाड शोधत बसतो.

उपाय सोपा आहे. दुकानात ‘४०/७६’ मागा, लाल आणि काळी. ५ व्होल्टसाठी दोन वायरी, ग्राउंडसाठी दोन, शक्य तेवढ्या आखूड. अर्धा मीटर पुरत असेल तर एक मीटर ठेवू नका. त्या सगळ्या पिनांवर वाटून द्या: ५ व्होल्टच्या चारही आणि ग्राउंडच्या आठही. एका पट्ट्याने साधारण ३ अँपिअरपर्यंतच करंट न्यावा, म्हणून एकाच पिनेवर सगळा भार टाकला की तो पट्टा तापतो, काळा पडतो आणि शेवटी जळतो. जुन्या बोर्डांच्या कडेला तिसऱ्या-चौथ्या घरात जो तपकिरी डाग दिसतो, तो असाच पडलेला असतो.

सोल्डरिंग करताना कनेक्टरच्या तिसऱ्या आणि चौथ्या टॅगवर उघड्या तारेचा एक छोटा पूल द्या, पलीकडच्या बाजूला सी आणि डी वर तसाच, आणि मग जाड वायर त्या पुलाच्या मधोमध डाग द्या. टॅगवर आधी कथिल चढवून घ्या, वायरीवरही, आणि मग दोन्ही एकत्र तापवा. कथिल चकचकीत आणि वायरीभोवती पसरलेलं दिसलं पाहिजे. गोळा होऊन बसलं असेल तर तो सांधा आतून कोरडा आहे. प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह चढवा. पाचव्या घरात -५ आणि सहाव्यात १२ आहेत, आणि चौथ्या घरातल्या ५ व्होल्टला त्यातलं काहीही चिकटलं तर बोर्ड गेलाच.

१२ व्होल्ट आणि -५ ला एक-एक २३/७६ पुरते. बटणांना त्याहून बारीक चालते.

बोर्डाची कडा पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॅंडपेपर लावू नका, सोन्याचा मुलामा निघून जातो.

बोर्ड न लावता पहिली परीक्षा

सप्लाय, हार्नेस, कनेक्टर सगळं जोडून बोर्डाशिवाय चालू करा. काही सप्लायना भार नसला की ते नीट व्होल्टेज देत नाहीत, म्हणून ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४.७ ओहम, १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर लावा. साधारण एक अँपिअरचा भार पडतो. रेझिस्टर चांगलाच तापतो, तो फरशीवर ठेवा, टेबलक्लॉथवर नको.

आता मल्टिमीटरचा काळा प्रोब पहिल्या पिनेवर ठेवून कनेक्टरचं प्रत्येक घर तपासा. ३, ४, सी, डी वर ५.००. ६ आणि एफ वर १२ च्या आसपास. ५ आणि ई वर उणे ५, चिन्हासकट. बाकी सगळ्या घरांत शून्य. यातलं एकही वेगळं दिसलं तर पुढे जाऊ नका.

सप्लाय बंद करून बोर्डाकडे वळा. ओहमवर मीटर ठेवून बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पट्ट्यांमध्ये मोजा. दहा-वीस ते काहीशे ओहम दिसले तर ठीक. एक-दोन ओहम किंवा बीप आला तर बोर्डावर शॉर्ट आहे. आधी तो शोधा.

बोर्ड लाकडी पाटावर किंवा प्लास्टिकच्या पायांवर ठेवा. ज्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीतून तो आला, तिच्यावर ठेवून चालवू नका. त्या पिशवीतून वीज वाहते.

बोर्ड चालू करा आणि खरे ५ व्होल्ट मोजा

सप्लाय बंद असताना कनेक्टर बसवा, मग चालू करा. चालू असताना बोर्ड कधीही काढायचा-घालायचा नाही.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची मोजणी. सप्लायच्या स्क्रूवर मोजू नका, कनेक्टरवरही नको, बोर्डावरच्या चिपवर मोजा. ७४ एलएस मालिकेची १४ पायांची एखादी साधी चिप शोधा, कडेपासून जितकी लांब तितकी चांगली. एका टोकाला अर्धगोल खाच असते. खाच वर धरली तर उजवीकडचा सगळ्यात वरचा पाय १४ वा, म्हणजे ५ व्होल्ट, आणि डावीकडचा सगळ्यात खालचा ७ वा, म्हणजे ग्राउंड. १६ पायांची असेल तर १६ आणि ८. मोजकेच अपवाद सोडले तर हे सगळीकडे लागू पडतं. प्रोबचं टोक दोन पायांना एकदम टेकू देऊ नका.

इथे ४.९५ ते ५.०५ दिसायला हवेत. कमी असतील तर सप्लायचा स्क्रू केसभर फिरवा, थांबा, पुन्हा बघा. मात्र सप्लायवर ५.२५ च्या वर न्यावं लागत असेल तर स्क्रू फिरवणं हा उपाय नाही. वायरी बारीक आहेत किंवा कनेक्टर खराब आहे, ते सुधारा. आणि दर वेळी दुसरा बोर्ड लावाल तेव्हा ही मोजणी पुन्हा करा. कमी करंट घेणारा बोर्ड लावला की व्होल्टेज आपोआप वर चढतं, आणि आधीच्या बोर्डासाठी वाढवलेला स्क्रू या बोर्डाला महागात पडतो.

आवाज: या दोन वायरी आहेत तरी काय

चित्र आलं, गेम चालू झाला. आता आवाज. बहुतेक जामा बोर्डांवर अँप्लिफायर बोर्डावरच असतो. कॅपकॉमच्या सीपीएस-१ या बोर्डाचं उदाहरण घ्या: झेड८० प्रोसेसर आवाजाचा कारभार बघतो, यामाहाची वायएम२१५१ चिप संगीत तयार करते, ओकीची ६२९५ चिप ठोसे-किंकाळ्या वाजवते, दोन्ही एकत्र होऊन व्हॉल्यूमच्या छोट्या पॉटमधून (पोटेन्शिओमीटर) पॉवर अँप्लिफायरला जातात. त्या काळात बोर्डांवर वापरलेल्या अँप्लिफायर चिप मुख्यतः कार स्टिरिओसाठी बनवलेल्या होत्या, एमबी३७३० किंवा टीडीए२००३ सारख्या. म्हणून त्यांना १२ व्होल्ट लागतात. गेम चालतोय पण आवाज अजिबात नाही, तर सगळ्यात आधी सहावी पिन तपासा.

१० आणि एल या पिनांवर जे येतं ते थेट स्पीकरचं आउटपुट आहे. पाचेक इंची, ८ ओहम, १० वॉटचा साधा स्पीकर त्या दोन वायरींना जोडला की काम झालं, आणि पहिल्यांदा हेच करा. वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या. जुना सीआरटी टीव्ही किंवा मॉनिटर असेल तर स्पीकर त्याच्यापासून लांब ठेवा, नाहीतर चुंबकामुळे पडद्यावर रंगांचे डाग पडतात. दोन स्पीकर हवे असतील तर ८ ओहमचे दोन सिरीजमध्ये जोडा. पॅरलल जोडलेत तर ४ ओहम होतात आणि त्या बिचाऱ्या चिपला तो भार झेपेलच असं नाही.

जोडण्याआधी एक मोजणी: स्पीकरशिवाय बोर्ड चालू करून १० आणि एल मध्ये डीसी व्होल्ट बघा. काही मिलिव्होल्ट ठीक. पूर्ण व्होल्टमध्ये आकडा दिसला तर अँप्लिफायर बिघडलेला आहे. स्पीकर लावला तर त्याची कॉइल जळेल.

लोक सगळ्यात जास्त चूक करतात ती याच्या पुढे. स्पीकरच्या दोन वायरी आरसीए प्लगला जोडून टीव्हीच्या ऑडिओ इनमध्ये घालतात. दोन कारणांनी हे करू नये. पहिलं, पातळी. ८ ओहमवर ८ वॉट म्हणजे ८ व्होल्ट. टीव्हीच्या लाइन इनपुटला अपेक्षित असतात साधारण ०.३ व्होल्ट. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. बऱ्याच बोर्डांत अँप्लिफायर ब्रिज पद्धतीने जोडलेला असतो, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आवाज असतो आणि त्यातली एकही ग्राउंड नसते. आरसीएचं बाहेरचं कडं टीव्हीच्या ग्राउंडला लागलं की अँप्लिफायरचं एक आउटपुट थेट शॉर्ट होतं.

आपला बोर्ड कोणत्या प्रकारचा ते मीटर सांगतो. बोर्ड बंद असताना एल आणि ग्राउंडमध्ये बीप आला तर साधं आउटपुट. बीप नाही, आणि चालू केल्यावर १० व एल दोन्हींवर ग्राउंडच्या तुलनेत ६ व्होल्टच्या आसपास दिसले, तर ब्रिज. मात्र खालची जोडणी दोन्हींना चालते, म्हणून मी सगळ्यांना तीच करायला सांगतो.

टीव्हीपर्यंत किंवा होम थिएटरपर्यंत आवाज

सामान: १ किलोओहम आणि १०० ओहमचे पाव वॉटचे दोन रेझिस्टर, ६०० ओहमचा १:१ ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, आरसीए सॉकेट.

पिन १० पासून १ किलोओहमचा रेझिस्टर. त्याच्या दुसऱ्या टोकापासून पिन एल पर्यंत १०० ओहम. त्या १०० ओहमच्या दोन टोकांना ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी. सेकंडरीची एक वायर आरसीएच्या मधल्या पिनेला, दुसरी कड्याला. पातळी अकरा पट कमी होते, म्हणजे ८ व्होल्टचे साधारण ०.७, उरलेलं काम बोर्डावरचा व्हॉल्यूम पॉट थोडा खाली घेऊन भागतं. मोनो आवाज दोन्ही बाजूंना हवा असेल तर त्याच सेकंडरीवरून दोन आरसीए काढा.

ट्रान्सफॉर्मर जुन्या डायल-अप मोडेममध्येही सापडतो, पण तो फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला असल्यामुळे त्यातून बास नीट येत नाही. गाड्यांच्या ऑडिओसाठी मिळणारा तयार ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ त्यापेक्षा चांगला. रेझिस्टर आधी, मग तो. त्यात एक जपायचं: आयसोलेटरच्या आधीचं आरसीए कडं अजून स्पीकर मायनसच्या वायरीला जोडलेलं आहे. ते धातूच्या पेटीला टेकू देऊ नका.

ट्रान्सफॉर्मरचा दुसरा फायदा म्हणजे गुणगुण जाते. सप्लायही अर्थ केलेला, टीव्ही किंवा अँप्लिफायरही अर्थ केलेला, आणि मध्ये ऑडिओ केबल, असं वर्तुळ तयार झालं की ५० हर्ट्झची घूं ऐकू येते. काही जण ती घालवायला प्लगची अर्थची पिन कापतात. हे कधीही करू नका. ट्रान्सफॉर्मरने वर्तुळ तुटतं आणि अर्थिंगही शाबूत राहतं.

काही बोर्डांना हा खटाटोप लागतच नाही. कॅपकॉमच्याच सीपीएस-२ च्या ए बोर्डावर, म्हणजे मूळ बोर्डावर, डाव्या-उजव्या आवाजासाठी आरसीए सॉकेट असतात, त्यातून थेट लाइन पातळीचा स्टिरिओ मिळतो. एसएनकेच्या नियो जिओ एमव्हीएसचा कनेक्टर जामासारखा दिसला तरी आवाजाच्या पिनांचा वापर वेगळा, स्टिरिओसाठी आहे. त्या बोर्डाचा तक्ता बघितल्याशिवाय स्पीकर जोडू नका.

आवाज आहे, पण बरोबर नाही

आवाज बारीक आणि पातळ, किंवा मागे सतत घरघर: अँप्लिफायरभोवतीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेत. तीस-पस्तीस वर्षांनी ते सुकणारच. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे घाला, पट्टीची बाजू जुन्यासारखीच ठेवून.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर: पॉटमध्ये काँटॅक्ट क्लिनरचा फवारा, आणि पाच-सहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणं.

पडद्यावर काही हललं की आवाजात त्याची चिरचिर: स्पीकरच्या वायरी व्हिडिओच्या वायरींसोबत बांधल्यात. वेगळ्या करा. व्हिडिओचं ग्राउंड १४ व्या पिनेवरून न्या, पॉवरच्या ग्राउंडवरून नको. तरीही राहिली तर बोर्डाजवळ १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा.

संगीत आहे पण ठोशांचे आवाज नाहीत, किंवा उलट: वीज आणि वायरिंग ठीक आहे, दोष बोर्डाच्या आवाज-चिपांकडे आहे. इथून पुढचं काम बोर्ड दुरुस्तीचं.

आवाज वाढवला की गेम रीसेट होतो: मोठ्या आवाजाला अँप्लिफायर जास्त करंट ओढतो आणि त्याच ग्राउंडवर ५ व्होल्ट डळमळतात. ग्राउंडच्या आठही पिना खरंच जोडल्या आहेत का बघा. बहुतेक वेळा २७, २८ आणि खालच्या दोन मोकळ्या सोडलेल्या सापडतात.

सगळं जुळलं की गेम तासभर डेमोवर सोडा. मग सप्लाय बंद करून लगेच कनेक्टरच्या तिसऱ्या-चौथ्या घरावर बोट ठेवा. कोमट चालेल, चटका बसला तर त्या टॅगांचे सांधे पुन्हा करा. सप्लायचे सगळे स्क्रू एकदा आवळा, आणि चिपवर मोजलेलं व्होल्टेज बोर्डाच्या नावासकट एका स्टिकरवर लिहून सप्लायला चिकटवा. पुढचा बोर्ड लावताना कुठून सुरुवात करायची ते त्यावरून कळेल.